टेकडी होती, विमान नव्हतं

पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा बघायला हल्ली एवढी गर्दी लोटते की शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. आंबोलीजवळच्या कावळेसादला तीच कथा. कड्यावरून खाली झेपावलेलं पाणी अर्ध्या वाटेतून परत फिरतं आणि काठावर उभ्या असलेल्यांना नखशिखांत भिजवतं. लोक ओरडतात, फोन बाहेर काढतात. पाऊस गेला की गर्दी ओसरते, पण पाण्याला वर ढकलणारा वारा काही कुठे जात नाही. तो फक्त दिसेनासा होतो, आणि मग तो दाखवायचं काम घारी करतात. कोकणातून आलेला वारा डोंगराच्या भिंतीला अडतो, पुढे वाट नाही म्हणून वर चढतो. त्याचा चढण्याचा वेग घारीच्या खाली येण्याच्या वेगाएवढा झाला की घार पंख न हलवता एका जागी थांबते. त्याहून जास्त झाला की लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखी सरळ वर जाते.

या वाऱ्यावर रिमोटचं, बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायचं, त्या छंदाला स्लोप सोअरिंग म्हणतात. आम्ही नुसतं 'स्लोप' म्हणायचो. रविवारी स्लोपला येणार का, एवढं विचारलं की पुरे.

माझ्या पुतणीला हा नाद लागायची लक्षणं गेल्या वर्षी दिसू लागली. "काका, पहिलं ग्लायडर कुठलं घेऊ ते सांगा ना," म्हणाली, आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर लिंकांची माळ आली. नव्वद सेंटिमीटरच्या फोमच्या पिटुकल्यापासून तीन मीटरच्या कार्बन फायबरच्या राजेशाही मॉडेलपर्यंत सगळं त्यात होतं. प्रत्येकाखाली परीक्षणं, तारे, व्हिडिओ. मला आधी हसू आलं. 1985च्या सुमाराला आमच्यापैकी कुणालाही हा प्रश्न पडणं शक्यच नव्हतं. कुठलं घेऊ म्हणजे? जे हाती लागेल ते.

तेव्हा निवडायची असायची ती टेकडी. पुण्यात टेकड्यांना तोटा नव्हता. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पाषाणची टेकडी, आणि लांब जायची तयारी असेल तर कात्रज, बोपदेव, दिवे घाट. बहुतेक टेकड्या उघड्याबोडक्या. उन्हाळ्यात वाळलेलं गवत, मधूनच एखादं खुरटं झाड, बाकी मोकळं. वारा सरळ पश्चिमेचा असला तर एक सोंड, वायव्येला सरकला तर दुसरी. सायकल काढायची, मॉडेल पाठीला बांधायचं, आणि जिथे वारा समोरून तोंडावर येतो तिथे जाऊन उभं राहायचं. कुणी अडवत नसे. गुराखी पोरं तेवढी भोवती जमत. विमान एकच, टेकड्या डझनभर. पुतणीचं गणित बरोबर उलटं आहे. विमानं तिला बोटाच्या एका टिचकीवर मिळतात. टेकडी मिळवताना नाकी नऊ येतात.

आम्ही ग्लायडरकडे वळलो ते वाऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. इंजिन परवडत नव्हतं, हे खरं कारण. एनसीसीच्या एअर विंगमध्ये तारेला बांधून गोल फिरवायची कंट्रोल-लाइन विमानं असायची, त्यांची छोटी इंजिनं आम्ही जवळून पाहिली होती. पण मिथेनॉल आणि एरंडेलाचं इंधन मिळवायचं, ग्लो-प्लग मिळवायचा, आणि एवढं करून इंजिन सुरू व्हायचंच नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मात्र खरी, माणूस बसायची ग्लायडरं विंचने ओढून वर सोडत. तिथल्या कुंपणाशी उभं राहून रोहिणी उडताना बघणं हा आमचा फुकटचा सिनेमा होता. रोहिणी म्हणजे आपल्याच देशात 1961मध्ये उडालेलं, दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं ग्लायडर. इंजिनाशिवाय उडता येतं, हे त्याच कुंपणाशी डोक्यात बसलं.

जर्मनांचंही असंच झालं होतं, हे पुढे वाचनात आलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्यांच्यावर इंजिनाच्या विमानांबाबत निर्बंध आले, तेव्हा तिथली विद्यार्थी मंडळी वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची यंत्रं घेऊन चढली. 1920पासून तिथे स्पर्धा भरू लागल्या आणि 1922च्या ऑगस्टमध्ये 'व्हॅम्पायर' हे ग्लायडर डोंगराच्या वाऱ्यावर आधी एक तासाहून जास्त आणि त्याच महिन्यात तीन तासांहून जास्त वेळ टिकलं. तो सगळा उतारावरच्या वाऱ्याचा खेळ होता. त्यांच्यावर निर्बंध तहाचे, आमच्यावर खिशाचे.

ज्ञान यायचं ते फुटपाथवरून. मुंबईत फोर्टातल्या आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'एरोमॉडेलर' किंवा 'आरसीएम अँड ई' या इंग्लंडच्या मासिकांचे जुने अंक मिळायचे, कव्हर फाटलेले, मधलं प्लॅनचं पान शाबूत असेल तर नशीब. त्यातल्या जाहिरातींवरून आम्ही जगाचा अंदाज बांधला. इंग्लंडच्या टेकड्यांवर क्रिस फॉसचं 'मिडल फेज' चालतं. अमेरिकेत कार्ल गोल्डबर्गचं 'जेंटल लेडी' चालतं. एकाला पंखांवर आयलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पट्ट्या; दुसऱ्याला फक्त शेपटीचं रडर आणि एलेव्हेटर, म्हणजे एक वळवणारी पट्टी आणि एक नाक वर-खाली करणारी. या दोन विमानांमध्ये इतका फरक का, असा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पण प्रश्न पडायला दोन्ही समोर असावी लागतात. जेंटल लेडीचा एक किट आमच्यातल्या एकाच्या आत्याने अमेरिकेहून येताना साड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणला, म्हणून आमचं सगळ्यांचं पहिलं ग्लायडर जेंटल लेडी. एकाने किट बांधला आणि बाकीच्यांनी त्याचा प्लॅन अमोनिया प्रिंटच्या दुकानातून काढून घेतला.

बाल्सा इक्वेडोरहून येतो, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्याच्या किमतीवरून जास्त चांगलं समजलं. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरकडून पोस्टाने पट्ट्या मागवायच्या, त्या येईपर्यंत वाट बघायची, आणि आल्यावर त्यातल्या निम्म्या विमानाला जड म्हणून बाजूला ठेवायच्या. ड्रॉइंग बोर्डवर प्लॅन, त्यावर पॉलिथिन, त्यावर टाचण्यांनी धरलेल्या बरगड्या. कापायला दाढीचं अर्धं ब्लेड. सांध्यांना फेव्हिकॉल, म्हणजे रात्रभर हात लावायचा नाही. पंखाला पतंगाचा ताव चिकटवून डोप मारायचा. त्याचा वास चार दिवस घरातून जात नसे. ज्याला बाल्सा परवडला नाही त्याने थर्माकोलचा पंख कापला. शेगडीची कॉइल सरळ करून तिची तार तापवायची, थर्माकोलमधून फिरवायची, आणि वर ब्राउन पेपर फेव्हिकॉलने चढवायचा. तो पंख बाल्साच्या पंखाहून जड व्हायचा, पण वाऱ्यात तोच जास्त चांगला चालला. असं का, ते पुढे येतंच.

रेडिओ हा खरा खर्च. दोन चॅनेलचा सेट कुणीतरी परदेशातून आणायचा आणि तो कस्टममधून सुटला की पेढे वाटायचे. यंत्रं आजच्या मानाने अवजड. एकेक सर्व्हो, म्हणजे त्या पट्ट्या हलवणारी मोटर, पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, निकेल-कॅडमियमच्या चार सेलचा पॅक शंभर ग्रॅमचा, त्यात रिसीव्हर आणि स्विच. आजच्या नियमांत जे अडीचशे ग्रॅमपर्यंतचं अख्खं विमान 'नॅनो' ठरतं, तेवढं वजन आमच्या विमानाच्या पोटातल्या सामानाचंच भरायचं. सेल चार्ज व्हायला चौदा तास. शनिवारी रात्री वीज गेली की रविवार बुडाला. आणि फ्रिक्वेन्सी! एकाच क्रिस्टलचे दोन ट्रान्समीटर सुरू झाले की विमान खाली येणारच. म्हणून एक पाटी असायची आणि तिच्यावर कपड्यांचे चिमटे. ज्याच्या अँटेनाला चिमटा, त्यालाच रेडिओ चालू करायची मुभा. पाटी दगडाला टेकवून ठेवायची आणि भांडणं तिच्याभोवती व्हायची.

ते मीटरभर लांबीचं अँटेना उपयोगाचंही होतं. टोकाला लोकरीचा धागा बांधला की वारा कुठून येतोय ते समजायचं. आता पुतणीच्या ट्रान्समीटरला बोटभर काळा खुंट आहे. त्याला धागा बांधायला गेलं तर ती हसते. तिच्या फोनवर वाऱ्याचा अंदाज सांगणारं ॲप आहे. पण ते सांगतं वारा पश्चिमेचा, ताशी वीस किलोमीटर. सोंडेच्या डाव्या अंगाला तो वळतोय का, खालच्या घळीतून तिरपा चढतोय का, हे ॲपला कसं समजणार? त्यासाठी अजूनही मूठभर वाळकं गवत हवेत सोडावं लागतं आणि घार कुठे फिरते आहे ते बघावं लागतं. घारींशी एक अडचणही असते. विणीच्या दिवसांत त्या मॉडेलला परका पक्षी समजून झडप घालतात. फोमच्या पंखावर नखांचे ओरखडे मी पाहिले आहेत.

सिम्युलेटर ही मात्र आजच्या पोरांची खरी चैन, आणि मला तिचा हेवा वाटतो. 'पिकासिम' नावाचा उतारावरच्या ग्लायडरांचा सिम्युलेटर फोनवर फुकट चालतो. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, ही पहिल्या दिवसापासूनची भानगड पुतणीने रात्री अंथरुणात पडून सोडवून टाकली. जो पंख खाली झुकलाय त्याच्याकडे काठी ढकल, एवढा एक नियम तिने पाठ केला. आमची शिकवणी म्हणजे विमान फुटणं आणि मग आठवडाभर फेव्हिकॉल. "फोडल्याशिवाय येत नाही" असं आमच्यातला एक जण छातीठोकपणे सांगायचा. मला ते आता पटत नाही. फोडून जे शिकता येतं ते न फोडताही शिकता येतं, आणि गाठीला बाल्साही राहतो.

सिम्युलेटरमध्ये वारा मेनूतून निवडता येतो. टेकडीवर तसा मेनू नाही. आणि माझ्या मते पहिलं ग्लायडर निवडण्याचा सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

जेंटल लेडीचं काय झालं ते सांगतो. दोन मीटरचा पंख, टोकं वर वळलेली, उडतं वजन पाऊण किलोच्या आसपास. सपाट मैदानावरून रबराने ताणून वर सोडायचं आणि उन्हाने तापलेल्या हवेत घिरट्या घालायच्या, यासाठी घडवलेलं विमान. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर समुद्राकडचा वारा पोचतो. पोचतो म्हणजे कधीकधी आदळतो. त्या वाऱ्यात जेंटल लेडी हातातून सुटली की झकास वर जायची, समोर नाक करून थांबायची, आणि मग वारा वाढला की हळूहळू मागे सरकायची. नाक खाली घातलं तरी पुढे जाईना. पंख मोठा, वजन कमी, म्हणजे विंग लोडिंग (पंखाच्या क्षेत्रफळामागे पडणारं वजन) कमी, म्हणजे वेगही कमी. वाऱ्याच्या वेगापेक्षा विमानाचा वेग कमी पडला की ते टेकडीच्या माथ्यावरून मागे जातं, आणि माथ्यामागे असतो रोटर. कड्यावरून वर चढलेली हवा पलीकडे गडगडत खाली पडते, तिथे विमानाला ना वर ना खाली, नुसते धक्के. बाल्साचं विमान तिथे गेलं की परत येताना पिशवीतून यायचं.

उपाय एकच होता, वजन वाढवायचं. टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या आणायच्या आणि बरोबर गुरुत्वमध्यावर पोटात चिकटवायच्या. वजन वाढलं की वेग वाढतो, वारा कापता येतो, ही गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटते. पण थर्माकोलचा तो ब्राउन पेपरवाला जड पंख वाऱ्यात जास्त चांगला चालला तो म्हणूनच. इंग्लंडच्या वाऱ्यात 'मिडल फेज' का चालतं, जेंटल लेडी का नाही, हे आम्हाला मासिकातून नाही, त्या शिशाच्या पट्ट्यांतून समजलं. अमेरिकेच्या सपाट मैदानाचं विमान घेऊन आम्ही सह्याद्रीत शिरलो होतो. ते पाहून कुणी हसलं नाही, कारण वेगळं काही असू शकतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

रोटरवरून एक भलतीच गोष्ट. ज्या माथ्यामागच्या हवेला आम्ही टरकून असायचो तिच्यातच आता लोक मुद्दाम विमान घालतात. माथ्यामागे मंद हवा, वर वेगवान वारा; दोन्हींतून पुन्हापुन्हा गोल फिरलं की प्रत्येक फेरीला वेग वाढतो. त्याला डायनॅमिक सोअरिंग म्हणतात. 2021मध्ये स्पेन्सर लिसेनबी याने कॅलिफोर्नियाच्या पार्कर माउंटनवर बिनइंजिनाचं मॉडेल ताशी 882 किलोमीटर वेगाने उडवलं. प्रवासी जेट जवळपास याच वेगाने जातं. पुतणीने तो व्हिडिओ मला दाखवला आणि विचारलं, "हे आपण करू शकतो का?" मी म्हटलं, आधी समोरच्या बाजूला वर्षभर उडव.

फोमने मात्र खेळ पार बदलला. 1990च्या दशकात अमेरिकेत 'झागी' नावाचं शेपूट नसलेलं, नुसतं एक पंख असलेलं विमान आलं. साहित्य ईपीपी, म्हणजे मोटारीच्या बंपरच्या आतल्या बाजूला घालतात तो चिवट फोम. त्यावर पॅकिंगची टेप. लोक मुद्दाम हवेत दोन झागी एकमेकांवर आदळत आणि दोन्ही खाली पडून पुन्हा उडत. आम्ही ज्याला अपघात म्हणायचो त्याला त्यांनी खेळ केलं. आमच्या हातात ईपीपी यायला बराच काळ गेला, पण आला तेव्हा मी पहिल्यांदाच विमान दगडावर आपटून घरी जाताना शिट्टी वाजवली असेन. थर्माकोलला फेव्हिक्विक लावलं तर ते त्याला खाऊन टाकतं. ईपीपीला लावलं तर दहा सेकंदांत जोड पक्का. डोंगरावर बसल्या बसल्या दुरुस्ती.

अशा पंखात एलेव्हेटर आणि आयलेरॉन एकाच पट्टीत असतात, त्यामुळे दोन सर्व्होंनी मिळून दोन्ही कामं करायची. आमच्या काळात ते मिश्रण करायला एक सर्व्हो दुसऱ्या सर्व्होच्या पाठीवर सरकत ठेवायची लाकडी सोय करावी लागे, आणि ती नेमकी हवेत अडकायची. आज पाच हजारांच्या आसपास मिळणाऱ्या फ्लायस्कायच्या ट्रान्समीटरमध्येही ते मेनूतून एका ओळीत होतं. चिमटे गेले, क्रिस्टल गेले, 2.4 गिगाहर्ट्झवर पंचवीस जण एकावेळी उडवू शकतात. मला त्या पाटीची आठवण येते, पण ती परत यावी असं मुळीच वाटत नाही.

वस्तू मिळणं म्हणाल तर तेही पूर्वीइतकं सरळ वाकडं नाही, वेगळं वाकडं आहे. चीनहून स्वस्तात मागवायची सवय लागली होती तेवढ्यात 2020च्या नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेसवर बंदी आली. 2022च्या फेब्रुवारीत तयार ड्रोनची आयात बंद झाली. सुटे भाग मोकळे राहिले. त्यामुळे सर्व्हो, रिसीव्हर, मोटर, ईपीपीची शीट हे सगळं देशातल्या ऑनलाइन दुकानांत ढिगाने मिळतं, पण परदेशातलं तयार ग्लायडर मागवायचं तर कस्टमच्या टेबलावर त्याला काय समजलं जाईल याचा नेम नाही. आत्याच्या साड्या पुन्हा कामाला येतील अशी चिन्हं आहेत.

आता टेकडी. वेताळ टेकडीवर आज संध्याकाळी गेलात तर समोरच्या उतारावर गिरिपुष्पाचं दाट रान दिसेल. वनखात्याने पुण्याच्या टेकड्यांवर ती झाडं भरपूर लावली. पक्ष्यांना, फिरायला येणाऱ्यांना बरं झालं असेल. आम्हाला उतरायची जागा गेली. माथ्यावर चालणाऱ्यांची रांग, कुत्री, बाबागाड्या. कुणाच्या डोक्यावर अर्धा किलोचा पंख येऊ नये एवढी अक्कल आम्हालाही आहे. शिवाय 25 ऑगस्ट 2021पासून ड्रोनचे नवे नियम आले. छंदाची रिमोट मॉडेलंही त्यांच्या कक्षेत येतात. नकाशावर लाल, पिवळा, हिरवा असे भाग पाडलेत; लालमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. पुण्याच्या नकाशावर हिरवा शोधायला चष्मा लागतो. नियम चूक आहेत असं मी म्हणणार नाही. विमानतळाजवळ कुणीही काहीही उडवावं हे मला तेव्हाही पटलं नसतं, फक्त तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

मग लांब जायचं. कामशेतच्या टेकड्या पॅराग्लायडिंगवाल्यांच्या. तिथे माणसं हवेत असताना आपलं मॉडेल हवेत नसावं, यात वाद नाही. कासचं पठार 2012मध्ये जागतिक वारशात गेलं, फुलांवर पाय पडू नये हे योग्यच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर वारा असा की बघत राहावं, पण तिथे पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा अभ्यास करून उत्तम जागा हेरणारे लोक आमच्याआधी पोचले. पाचगणीचं टेबललँड सपाट, वर जांभा, कडा ताशीव. नवख्याला ती जागा स्वर्गासारखी वाटते. प्रत्यक्षात सरळ कडा स्लोपसाठी वाईट. काठापासून दोन पावलं मागे आलं की रोटर, आणि जांभ्यावर उतरणं म्हणजे विमान खवणीवर घासणं. गोल माथ्याची, गवताळ, हळूहळू चढत जाणारी टेकडी हवी. वारा तिच्या अंगावरून सरकत येतो आणि मागच्या बाजूला मवाळपणे उतरतो. अशा टेकड्या भोर-वेल्ह्याकडे अजून आहेत. कुठल्या, ते लिहून मी त्या गमावणार नाही.

म्हणून पुतणीला मी सांगितलं ते असं. लिंकांची माळ बाजूला ठेव. आधी आपण जिथे जाणार ती टेकडी बघू, मग तिच्यावर उतरायची जागा बघू, आणि शेवटी त्या जागेत उतरेल असं विमान. आम्ही विमानाला शोभेल अशी टेकडी शोधायचो. तुला टेकडीला शोभेल असं विमान शोधायचंय. जागा बघितली ती पंधरा-वीस पावलांची, बाजूला करवंदाच्या जाळ्या. तिथे तीन मीटरचं कार्बनचं विमान उतरवणं अनुभवी माणसालाही जड जाईल. ते यादीतून गेलं. दोन मीटरचं तरंगणारं गेलं, कारण आमच्याकडचा उन्हाळी वारा मला माहीत आहे. राहिलं ते फोमचं.

मग वाद झाला तो मोटरवरून. मल्टिप्लेक्सच्या इझी ग्लायडरसारख्या मॉडेलांना नाकात छोटी मोटर असते. वारा पडला की मोटर लावून परत यायचं. "घळीत उतरलं तर कोण आणणार, काका?" हा तिचा मुद्दा बिनतोड होता. घाटमाथ्यावरून खाली पडलेलं विमान आणायला कोकणात उतरावं लागतं. तरी मी मोटर नको म्हणालो. मोटर असली की वारा मंदावताच हात आपोआप तिच्याकडे जातो, वर चढणारी हवा शोधत नाही. शिवाय दगडावर उतरताना सगळ्यात आधी मोडतो तो प्रोपेलर. मोटर दुसऱ्या विमानाला लाव, पहिल्याला नको. ती अजूनही याबाबत माझ्याशी सहमत नाही, आणि ती चूक आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

शेवटी दोन उरली. एक ड्रीम-फ्लाइटचं 'अलूला', साधारण नव्वद सेंटिमीटरचं, पक्ष्याच्या आकाराचं, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. अडीचशे ग्रॅमपर्यंतचं ते नॅनो, त्यामुळे नियमांचा जाच कमी, बॅगेत मावतं, पंखाचं टोक धरून गोल फेकलं की वर जातं. वारा बेताचा असला तर त्याच्यासारखी मजा नाही. दुसरा सव्वा मीटरचा ईपीपीचा पंख, अर्धा-पाऊण किलोचा, पोटात वजन घालायची जागा असलेला. मी त्याच्या बाजूने होतो. वारा वाढला तर शिसं घालून तो पुढे जातो, आणि आपटला तर उसळतो. तिने तोच घेतला, देशातल्या एका दुकानातून, कापलेले तुकडे असलेला किट. कार्बनच्या सळया बसवणं, सर्व्हो रुतवणं, टेप लावणं, सगळं दोन संध्याकाळींत झालं. माझ्या जेंटल लेडीला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली होती. गुरुत्वमध्य बघायला मात्र तिने बोटांवर तोलायला मलाच बोलावलं. नाकाला थोडं शिसं जास्त ठेव, म्हटलं, पहिल्या दिवशी विमान थोडं जड नाकाचंच बरं. टायरवाल्याकडे चिकटणाऱ्या पट्ट्या अजून मिळतात.

उडालं. वळायचं ते नेहमी टेकडीपासून बाहेर, वाऱ्याकडे तोंड करून, असं तिला घोकायला लावलं होतं; दोन्ही टोकांना बाहेर वळत, आडव्या आठाच्या आकारात ती अर्धा तास उडवत राहिली. उतरवताना करवंदाच्या जाळीत गेलं. काट्यांची पाच-सहा भोकं, टेपचे दोन तुकडे, पुन्हा तयार. बाल्सा असता तर त्या दिवसाचा कार्यक्रम तिथेच संपला असता.

आता तिला दुसरं हवं आहे, दोन मीटरचं, हलकं, हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यासाठी. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेचा आणि अंगाला जेमतेम जाणवेल असा, त्याला तेच विमान योग्य. जेंटल लेडीचे दिवस परत येणार म्हणून मी खूश आहे, पण आधी पूर्वेकडे तोंड असलेली टेकडी शोध, असं सांगून तिला परत पाठवलं. ती नकाशावरच्या समोच्च रेषा वाचत बसली आणि तिने दोन शोधल्या. एकीवर मोबाइलचा टॉवर आहे. दुसरीवर उतरायला मोकळं गवत आहे, नकाशात हिरवा रंग आहे, पण वर जायला वाट दिसत नाही. तीच बघायला येत्या रविवारी पहाटे निघायचं ठरतंय. माझे गुडघे काय म्हणतात ते शनिवारी समजेल.